विश्लेषण : 'चाळीतले चाळीत मिटवा' हा सल्ला गुन्हा कधी ठरतो? मुलांवरील अत्याचार रोखण्यात मंडळे, सोसायट्या आणि संस्थांची भूमिका काय?

काळाचौकी, लालबाग, परळच्या चाळींत भिंती पातळ आणि दारे उघडी. शेजारी आज काय शिजतेय, कोणाचा मुलगा रात्री किती वाजता घरी आला, कोणाकडे आदळआपट झाली, हे सगळे मजल्यावर कळते. मग त्याच मजल्यावरच्या एखाद्या मुलावर किंवा मुलीवर अत्याचार होत असेल, तर तेही कोणाला तरी, कधी तरी कळतेच. खरा प्रश्न त्यानंतरचा. 'त्यांच्या घरातले आहे' म्हणून दार लोटून घ्यायचे, मंडळातल्या ज्येष्ठांना सांगून बैठक बसवायची, की पोलिसांना कळवायचे? काही गुन्ह्यांत ही निवड आपल्या मर्जीवर राहिलेली नाही, हे अजूनही अनेकांना माहीत नसते. कायदा काय सांगतो, संस्था काय करतात आणि काळाचौकीसारख्या भागात सामान्य रहिवाशाच्या हातात नेमके काय आहे?

काळाचौकीचे उदाहरण का?

'सिव्हिल सोसायटी' म्हटले की डोळ्यासमोर स्वयंसेवी संस्था, चर्चासत्रे आणि अहवाल येतात. गिरणगावात हा शब्द कोणी वापरत नाही, पण ती गोष्ट मात्र इथे गल्लोगल्ली आहे. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, गोविंदा पथक, व्यायामशाळा, भजनी मंडळ, महिला बचत गट, चाळ कमिटी आणि कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाचे मुंबईतले ग्रामस्थ मंडळ. कोणाच्या घरी मयत झाले, कोणाला रुग्णालयात न्यायचे असले, कोणाच्या मुलाची फी थकली, की सरकारी यंत्रणेच्या आधी हीच माणसे धावतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर घरातला पगार थांबला, तेव्हाही अनेक कुटुंबांना याच जाळ्याने धरून ठेवले.

भांडणे सोडवण्याचे कामही याच जाळ्याकडे आले. नवरा-बायकोचा वाद, भावाभावांतला खोलीचा हक्क, पाण्यावरून झालेली हातघाई, सगळे बैठकीत मिटते. पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे, ही समजूतही त्यातूनच घट्ट झाली. बैठकीमुळे अनेकांचे भले झाले, यात शंका नाही. पण बैठकीत बोलतात ती मोठी माणसे. ज्या मुलावर अत्याचार झाला त्याला तिथे खुर्ची नसते, आणि ज्याच्यावर आरोप असतो तो बहुतेक वेळा बैठकीतल्या कोणाचा तरी नातेवाईक, मित्र किंवा कार्यकर्ता असतो.

हा अंदाज नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच सांगते की बालकांवरील बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. घरचे, शेजारचे, शिकवणीचे, गाडीवाले. २०२२ मध्ये देशात बालकांविरुद्धच्या १ लाख ६२ हजार ४४९ गुन्ह्यांची नोंद झाली. त्यातली २० हजार ७६२ प्रकरणे महाराष्ट्रातली होती. नोंद वाढणे याचा एक अर्थ लोक पुढे येऊ लागले असाही होतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून राज्य वाईट ठरवणे योग्य नाही. पण न नोंदलेल्यांचे काय?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२ हजार ४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सहन केल्याचे सांगितले. अशा मुलांमध्ये मुलगे ५२.९४ टक्के होते, म्हणजे मुलींपेक्षा थोडे जास्तच. 'मुलगा आहे, त्याला काय होणार' असे मानणाऱ्या प्रत्येक व्यायामशाळेने आणि पथकाने हा आकडा वाचायला हवा. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

'मिटवणे' गुन्हा कधी ठरते?

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, कायदा दोघांनाही सारखाच. त्यातले कलम १९ शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाचे. मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिली पाहिजे, असे ते सांगते. 'कोणत्याही व्यक्तीने' यात आई-वडील आले, डॉक्टर आले, शिक्षक आले आणि चाळ कमिटीचा सेक्रेटरीही आला.

माहिती असून कळवले नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि त्याच्या हाताखालच्या माणसाने गुन्हा केला असेल, तर ही कैद एक वर्षापर्यंत जाते. स्वतः मूल असलेल्याला मात्र ही शिक्षा लागू नाही. म्हणजे दहा वर्षांच्या मैत्रिणीला गुपित माहीत होते म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल होत नाही.

'पण खरे नसेल तर आपणच अडकू' ही भीती सर्वत्र ऐकू येते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, असे कलम १९ मध्येच लिहिले आहे. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, त्रास देण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्याला. पुरावा गोळा करणे हे शेजाऱ्याचे काम नाही. ते पोलिसांचे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरवरील गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

बदलापूर तर अजून ताजे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. गुन्हा नोंदवायला झालेला उशीर आणि शाळेची भूमिका यावरून २० ऑगस्टला नागरिकांनी रेल्वे रोखली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही माहिती न कळवल्याबद्दल पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. रेल्वे स्थानकावरची गर्दी सगळ्यांच्या लक्षात राहिली, कलम २१ मात्र फार थोड्यांच्या.

या सक्तीला दुसरी बाजूही आहे. पौगंडावस्थेतल्या मुला-मुलींच्या संमतीच्या संबंधातही तक्रार करावी लागत असल्याने मुली डॉक्टरकडे जायला घाबरतात, असा आक्षेप अनेक संस्था आणि वकील घेत आले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना सांगणे आवश्यक नाही, अशी मुभा दिली. हा वाद खरा आहे. पण चाळीच्या बैठकीत चाळिशीतल्या काकाचे प्रकरण 'मिटवणाऱ्यांना' त्याचा आधार घेता येणार नाही.

लैंगिक अत्याचार नसेल, नुसता मार असेल तर?

इथे कायद्याची रचना वेगळी आहे. शेजारच्या मुलाला पट्ट्याने मारतात, उपाशी ठेवतात, घरात कोंडतात, हे कळवण्याची पॉक्सोसारखी सरसकट सक्ती नाही. पण तो गुन्हाच आहे. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली, टाकून दिले किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे.

याच कायद्यातले कलम ३१ वाचताना थोडे थांबायला हवे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे कोण नेऊ शकते, याची यादी त्यात आहे. पोलीस, बाल हेल्पलाइन, मान्यताप्राप्त संस्था, समाजसेवक, परिचारिका, डॉक्टर आणि, कायद्याच्याच शब्दांत, लोकहिताची जाणीव असलेला कोणताही नागरिक. मुलाला २४ तासांच्या आत समितीपुढे न्यायचे असते. ही समिती म्हणजे नुसती सल्लागार मंडळी नव्हेत. तिला न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार आहेत आणि प्रत्येक जिल्ह्यात ती असते.

समितीकडे गेले की मूल घरातून काढून घेतात आणि 'रिमांड होम'मध्ये टाकतात, ही गिरणगावात पक्की बसलेली भीती. तिला इतिहास आहे. १९२४ चा मुंबई बाल अधिनियम आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीच्या उमरखाडीतल्या जुन्या तुरुंगाच्या जागेत मुले ठेवली जाऊ लागली. आजी-आजोबांच्या पिढीने 'डोंगरीला पाठवीन' ही धमकी ऐकत लहानपण काढले. आजचा कायदा मात्र उलट क्रम लावतो. मुलाने शक्यतो कुटुंबातच राहावे, पालकांना समज आणि समुपदेशन द्यावे, घर धोक्याचे असेल तर नात्यातले दुसरे सुरक्षित घर शोधावे आणि संस्था हा शेवटचा पर्याय असावा.

१०९८ वर फोन केल्यावर काय होते?

हा क्रमांक मुंबईचाच. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या, म्हणजे टिसच्या, एका प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन सुरू झाली. रेल्वे स्थानकांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांना रात्री-अपरात्री कोणाला तरी हाक मारता यावी, ही त्यामागची गरज होती. दहा-नऊ-आठ, उलटे मोजत जाणारा आकडा, अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पाठ होईल असा. एका शहरातला हा प्रयोग पुढे देशभर पसरला. स्वयंसेवी संस्थेने उभी केलेली आणि सरकारने राष्ट्रीय सेवा म्हणून उचललेली अशी दुसरी व्यवस्था सहज आठवत नाही.

२०२३ मध्ये त्यात मोठा बदल झाला. 'मिशन वात्सल्य' योजनेखाली केंद्राने ही हेल्पलाइन राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे सोपवली आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. क्रमांक तोच राहिला, पण फोनच्या पलीकडचा माणूस बदलला. पूर्वी संस्थेचे कार्यकर्ते थेट मुलापर्यंत जायचे. आता जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अखत्यारीतले कर्मचारी जातात आणि तातडीचा धोका असेल तर पोलिसांना पाठवले जाते. पोलिसांशी जोडणी झाल्याने मदत लवकर पोहोचेल, हा सरकारचा युक्तिवाद. घाबरलेले मूल पोलिसांचे नाव ऐकून फोनच ठेवून देईल, ही वर्षानुवर्षे ते फोन घेणाऱ्यांची भीती. दोन्हींत तथ्य आहे. म्हणूनच फोन करणारा मोठा माणूस, म्हणजे शेजारी, पूर्वीपेक्षा आता जास्त महत्त्वाचा झाला आहे.

फोन करणाऱ्याने नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. मुलाचे अंदाजे वय, पत्ता, काय पाहिले, काय ऐकले आणि धोका आत्ता या क्षणी आहे का, एवढे पुरते. लैंगिक गुन्ह्याची माहिती असेल तर मात्र १०९८ वर थांबू नये. कलम १९ मध्ये नाव पोलिसांचे आहे.

पोलीस ठाण्यात काय व्हायला हवे?

बहुतेक लोक इथेच कच खातात, कारण ठाण्यात काय होईल याची कल्पना नसते. कायद्याने प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. काळाचौकी पोलीस ठाणेही त्याला अपवाद नाही. तिथे गेल्यावर 'बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?' हा पहिला प्रश्न विचारण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे.

पॉक्सोच्या प्रकरणात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सुरक्षित वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नव्हे तर साध्या कपड्यांत. सोबत आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हवी. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी समोर येणार नाही याची काळजी घ्यायची असते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि त्यासाठी गुन्हा नोंदवून होण्याची वाट पाहायची गरज नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अशा मुलावर तातडीचे उपचार मोफत करणे बंधनकारक आहे. या भागातल्यांना केईएम आणि वाडिया बाल रुग्णालय दोन्ही जवळ आहेत. पोलिसांनी २४ तासांत प्रकरणाची माहिती बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते.

हे सगळे कागदावर आहे आणि प्रत्येक ठिकाणी तसेच घडते असे नाही. पण ठाण्यात मुलाच्या आईसोबत हे नियम माहीत असलेले दोन रहिवासी उभे असतील, तर फरक पडतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विसर्जन मिरवणुकीची परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेळ, रस्ता बंद करण्याचा अर्ज यासाठी पोलीस ठाण्याची वाट पाठ असते. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांशी त्यांची ओळखही असते. तीच ओळख प्रकरण 'दाबण्यासाठी' वापरायची की नोंदवून घेण्यासाठी, हा त्यांचा निर्णय.

मग संस्थांचे काम कोणते?

गुन्हा नोंदवला की गल्लीतली हळहळ काही दिवसांत ओसरते. खटला मात्र चालूच असतो. पॉक्सोनुसार मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपायला हवा. प्रत्यक्षात तो अनेकदा बराच लांबतो. या काळात आरोपीच्या घरचे दारावर येतात. आईची धुण्याभांड्याची कामे सुटतात. मुलीला शाळेत नेऊन सोडायला कोणी नसते. तक्रार मागे घेतली जाते ती बहुतेक वेळा इथे.

संस्थांचे खरे मोल या टप्प्यावर कळते. पॉक्सोच्या नियमांत 'सपोर्ट पर्सन' नावाची तरतूद आहे. म्हणजे तपासापासून निकालापर्यंत मुलाच्या बाजूने उभी राहणारी प्रशिक्षित व्यक्ती. तारीख कधी आहे, न्यायालयात कोण कुठे बसते, नुकसानभरपाई आणि राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेचा अर्ज कसा करायचा, समुपदेशन कुठे मिळेल, हे सगळे तिने पाहायचे. तिची नेमणूक बालकल्याण समिती करते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मदत पालकांनी मागितली तरच द्यायची बाब नाही, असे स्पष्ट केले. मुंबईत मजलिस, प्रेरणा यांसारख्या संस्थांनी पीडितांसोबत न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचे हे काम वर्षानुवर्षे केले आहे.

या शहराला असे नवे काही करून पाहण्याची सवय जुनी. १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्त्यांचा कक्ष सुरू केला. महिला व बालकांसाठीचे असे विशेष कक्ष नंतर राज्य सरकारने आपलेसे केले. १९८६ मध्ये काळाचौकीपासून काही किलोमीटरवरच्या कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेने काम सुरू केले आणि पुढे तिथल्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर उभे राहिले. आईच्या कामाच्या वेळात मूल कुठे असते, इतका साधा प्रश्न त्यामागे होता. मुलाला धोका कोणत्या तासाला आणि कोणत्या जागी आहे हे ओळखून नेमकी तेवढी जागा सुरक्षित करणे, म्हणजे प्रतिबंध. हाच प्रश्न काळाचौकीतही विचारता येतो. आई कामावर, बाबा दुसऱ्या पाळीला. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत मूल कोणाकडे असते?

२००६ पासून काम करणारी अर्पण ही संस्था शाळांमध्ये वैयक्तिक सुरक्षेचे शिक्षण देते. सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श, 'नाही' कसे म्हणायचे, कोणाला सांगायचे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' नेमण्याचा आदेश काढला होता. बदलापूरनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, तोच विषय पुन्हा नव्या आदेशात लिहावा लागला. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे पालकसभेत विचारायला दोन मिनिटे लागतात.

संस्थांवर नजर कोणाची?

सगळ्याच संस्था चांगल्या, असे मानणे भाबडेपणाचे. दक्षिण मुंबईतले कुलाब्याचे 'अँकरेज' प्रकरण त्याचा पुरावा. बेघर मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या या निवारागृहात मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याची तक्रार २००१ मध्ये बालहक्क कार्यकर्त्यांनी पुढे आणली. निवारा चालवणारे परदेशी, मदत करणारे, प्रतिष्ठित. त्यांच्या विरोधात बोलणारी मुले रस्त्यावरची. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोन ब्रिटिश नागरिकांना आणि निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला दोषी ठरवले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले.

इथे प्रकरण संपू शकले असते. राज्य सरकारबरोबरच चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशननेही सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि मार्च २०११ मध्ये शिक्षा कायम झाली. तक्रारीपासून निकालापर्यंत जवळपास दहा वर्षे. तेव्हा पॉक्सो कायदा नव्हता. मुलांच्या मदतीसाठी उभ्या केलेल्या जागेतच मुलांचा छळ झाला, आणि तो चव्हाट्यावर आणून शेवटपर्यंत लढली तीही नागरी संस्थाच. म्हणूनच शिबिर घेणारी संस्था असो, उन्हाळी संस्कार वर्ग असो की कराटेचा क्लास, मुलांसोबत एकटे कोण असणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हे आधी विचारणे यात कोणाचा अपमान नाही.

मंडळे खरेच बदलतात का?

बदलतात. थोडी कुरकुर करत, पण बदलतात. दहीहंडीचे उदाहरण याच भागातले. सर्वात वरच्या थरावर चिमुकला चढवणे ही एकेकाळी अभिमानाची गोष्ट होती. एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०१४ रोजी १८ वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली आणि उंची २० फुटांवर आणली. पथकांनी टोकाचा विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पुन्हा परत आले आणि २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुले थरांत नकोत यावर स्थिरावले. तडजोड अनेकांना अपुरी वाटली, ती आहेही. पण मुलाच्या सुरक्षेचा मुद्दा परंपरेच्या वर ठेवता येतो आणि त्यानंतरही उत्सव बंद पडत नाही, हे लालबाग-काळाचौकीने स्वतः पाहिले.

दुसरे टोकही लक्षात ठेवायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. अनोळखी माणसावर तुटून पडणारा समाज ओळखीच्या माणसाबाबत मात्र बैठक बसवतो. आकडेवारी सांगते की धोका नेमका उलट दिशेला आहे.

चाळ आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपबाबत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. पीडित मुलाचे नाव, फोटो, शाळा, इमारत, नातेवाईक, ओळख पटेल असे काहीही पुढे पाठवणे हा गुन्हा आहे, मग हेतू 'न्याय मिळवून देण्याचा' का असेना. अत्याचाराचा व्हिडिओ तर मोबाइलमध्ये ठेवणेही गुन्हा ठरू शकते. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या आघाडीने केलेल्या अपिलावर २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. पोलिसांना किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा.

मुलाने सांगितले तर काय करू नये?

अनुभवी समुपदेशकांचा सल्ला जवळपास सारखाच असतो. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, तेच चार माणसांसमोर सांगायला लावू नका. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. आरोपीला जाब विचारायला जाऊ नका, तो सावध होतो आणि मुलावर दबाव येतो. घटना नुकतीच घडली असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. 'तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही' एवढे वाक्य त्या क्षणी पुरते.

टॉवरमध्ये राहायला गेल्यावर काय?

काळाचौकीतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. अभ्युदयनगरसारखी म्हाडाची मोठी वसाहतही त्याच वाटेवर आहे. मोठे घर, स्वतःचे शौचालय, लिफ्ट, हे सगळे मुलांसाठी चांगलेच. चाळीत जागा नसल्याने पाहुण्या-नातेवाइकांसोबत एकाच खोलीत झोपणे हाही मुलांसाठी धोकाच होता, त्यामुळे जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण बंद दाराआडचा आवाज बाविसाव्या मजल्यावर कोणाला ऐकू येत नाही. चाळीची सामाईक गॅलरी हा एक प्रकारचा सेन्सर होता. तो गेला आणि त्याच्या जागी प्रवेशद्वारावरचा सीसीटीव्ही आला. तो बाहेरून येणाऱ्याला टिपतो, घरात आधीपासून असलेल्याला नाही.

मिशन वात्सल्यमध्ये शहरात वॉर्ड पातळीवर बाल संरक्षण समित्यांची तरतूद आहे आणि त्यांत स्थानिक नागरिकांनाही स्थान आहे. काळाचौकी महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात येते. आपल्या वॉर्डात ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि सदस्य कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. पाण्याच्या दाबासाठी आणि खड्ड्यांसाठी वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालणाऱ्या मंडळांना हा अर्ज अवघड नाही.

बहुतेक सोसायट्यांच्या सूचनाफलकावर प्लंबर, लिफ्ट दुरुस्ती, गॅस एजन्सी आणि अग्निशमन दलाचे क्रमांक असतात. १०९८ क्वचितच दिसतो. तो दिवसाचे २४ तास चालू असतो, त्याला पैसे लागत नाहीत आणि मूल स्वतःही तो लावू शकते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.